भाज्या घातलेले ऑम्लेट पाणचट का होते आणि ते कसे टाळावे

मंदआच (धागाकर्ता)

ऑम्लेटच्या पाककृती या विभागात भरपूर आहेत, पण त्यांपैकी बहुतेक ‘भाज्या बारीक चिराव्यात, फेटलेल्या अंड्यात मिसळाव्यात आणि तव्यावर घालाव्यात’ एवढ्यावर थांबतात. कांदा, मिरची आणि कोथिंबीर एवढ्यापुरते ते ठीक आहे. मात्र टोमॅटो, ढोबळी मिरची, कोबी, पालक, अळंबी अशा भाज्या हात सैल सोडून घातल्या की तेच ऑम्लेट मध्यभागी ओले राहते, कडेला करपते, उलटताना फाटते आणि ताटलीत काढल्यावर दोन मिनिटांत त्याच्याखाली पाण्याचे तळे साचते. पुष्कळ जण याचा दोष अंड्याला, तव्याला किंवा स्वतःच्या हाताला देतात. माझ्या मते दोष भाज्यांतल्या पाण्याचा आहे, आणि त्या पाण्याची सोय आधी लावली तर बाकीचे ऑम्लेट अगदी सोपे आहे.

थोडा हिशेब मांडतो. कवच काढल्यावर दोन अंड्यांचे वजन साधारण ९० ते १०० ग्रॅम भरते. त्यांतला जवळजवळ तीनचतुर्थांश भाग पाणीच असतो आणि सुमारे १२ ग्रॅम प्रथिने ते पाणी धरून ठेवतात. आता त्यात एक मध्यम टोमॅटो चिरून घातला, तर टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणी असल्यामुळे तेवढ्याच प्रथिनांवर जवळपास दुप्पट पाणी सांभाळण्याची वेळ येते. ढोबळी मिरची, कोबी आणि अळंबी यांत ९२ टक्क्यांच्या आसपास, पालकात ९१, कांद्यात ८९ आणि गाजरात ८८ टक्के पाणी असते. यांपैकी एकही भाजी कोरडी म्हणता येणार नाही.

दुसरी अडचण तापमानाची आहे. अंड्याचा पांढरा भाग ६२ अंश सेल्सिअसच्या आसपास घट्ट होऊ लागतो, बलक त्यानंतर थोड्याच अंशांनी, आणि दोन्ही एकत्र फेटले की मिश्रण ७०-७३ अंशांपर्यंत पुरते आळते. भाजीच्या पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन मात्र ८५ अंशांच्या पुढे गेल्याशिवाय सैल पडत नाही. म्हणजे अंडे शिजून तयार असते तेव्हा भाजी अजून कच्ची असते, आणि भाजी शिजेपर्यंत थांबावे तर अंडे चिवट होऊन स्वतःच पाणी सोडू लागते. दोघांना एकाच वेळी तव्यावर घालून दोघांचे समाधान करता येत नाही, म्हणून भाजी आधी परतून घ्यावी.

दोन अंड्यांना चिरलेल्या भाज्या सगळ्या मिळून अर्धी वाटी पुरतात. त्यापेक्षा जास्त हव्या असतील तर तिसरे अंडे घ्यावे. २० ते २२ सेंटिमीटर व्यासाच्या पसरट पॅनमध्ये चमचाभर तेल तापवून आधी कांदा, मग गाजर किंवा फरसबी, त्यानंतर ढोबळी मिरची किंवा कोबी आणि सर्वांत शेवटी बिया व गर काढलेला टोमॅटो घालावा. चिमूटभर मीठ इथेच घालावे, म्हणजे पाणी लवकर सुटते. आच मोठी ठेवावी आणि झाकण अजिबात ठेवू नये. तीन-चार मिनिटांत पाणी आटत आले की चरचरण्याचा आवाज बदलतो. आधी तो ओला, जोरकस असतो, नंतर बारीक आणि कोरडा होतो. तो बदल ऐकू आला की भाजी ताटलीत पसरून कोमट होऊ द्यावी. गरम भाजी थेट अंड्यात घातली तर तिच्याभोवतीचे अंडे तिथल्या तिथे गोठते आणि मिश्रणात गुठळ्या होतात.

पॅन पुसून घ्यावा, मध्यम आचेवर चमचाभर तेल किंवा लोणी घालावे आणि मीठ, मिरपूड, हिरवी मिरची व कोथिंबीर घालून अर्धा मिनिट फेटलेली अंडी त्यात ओतावीत. लोणी वापरल्यास त्याचा फेस बसला की अंडे घालण्याची वेळ झाली असे समजावे. कडा आळू लागल्या की उलथन्याने त्या मध्याकडे ओढाव्यात आणि वरचे पातळ अंडे मोकळ्या झालेल्या जागेत वाहू द्यावे. वरचा भाग अजून चमकत असतानाच अर्ध्या भागावर भाजी पसरावी, उरलेला अर्धा भाग तिच्यावर दुमडावा आणि आच मंद करून मिनिटभर झाकण ठेवावे. ही वाफ मात्र हवीशी असते, कारण एव्हाना भाजीतले पाणी गेलेले असते आणि आतले अंडे तेवढ्यात पुरते शिजते.

ज्यांचा अनुभव याहून वेगळा आहे, त्यांनी अवश्य लिहावे.

---

डोंबिवलीकर_फास्ट

लेख आवडला, परंतु एक मूलभूत शंका आहे. स्टेशनाबाहेरच्या अंडाभुर्जीच्या गाडीवर कांदा आणि टोमॅटो कच्चेच अंड्यात घातले जातात, पेल्यात चमच्याने खळखळ ढवळले जातात आणि थेट तव्यावर ओतले जातात. ते ऑम्लेट कधीही पाणचट नसते, शिवाय त्यातल्या कांद्याचा कुरकुरीतपणा हीच त्याची खरी गंमत असते. आपल्या पद्धतीने कांदा परतला तर ती चव जाते. मग गाडीवाल्याला जमते ते घरी का जमू नये?

---

मंदआच (धागाकर्ता)

प्रश्न रास्त आहे. गाडीवरचा तवा फूटभराहून रुंद असतो, खाली मोठा बर्नर सतत पेटलेला असतो आणि ऑम्लेट कागदासारखे पातळ पसरलेले असते. एवढ्या पातळ थरातून पाणी वाफ होऊन क्षणात निघून जाते. त्यात भाजीही फारशी नसते. कांदा भरपूर वाटला तरी तो अगदी बारीक चिरलेला असतो आणि टोमॅटो नावापुरता असतो. तेलाच्या बाबतीतही गाडीवाला आपल्यासारखा काटकसरी नसतो.

त्यामुळे माझे म्हणणे थोडे नेमके करतो. पातळ ऑम्लेट, थोडी भाजी आणि मोठी आच असेल तर कच्चे घालावे. जाड ऑम्लेट आणि भरपूर भाजी हवी असेल तर परतून घालावे. घरी आपण बहुधा लहान पॅनमध्ये, मध्यम आचेवर आणि भाजी पोटात जावी म्हणून ऑम्लेट करतो, त्यामुळे दुसरी पद्धत अधिक उपयोगी पडते. कुरकुरीत कांदा फारच आवडत असेल तर एक चमचा कच्चा कांदा दुमडण्याआधी वरून भुरभुरावा, बाकीचा परतावा.

---

मांडवीकाठची

गोव्यातल्या रस ऑम्लेटचा उल्लेख इथे व्हायला हवा असे वाटते, कारण त्यात ओलाव्याचा विचार फार चांगला केलेला आहे. संध्याकाळी गाड्यांवर मिळणाऱ्या या पदार्थात कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घातलेले साधे ऑम्लेट असते आणि त्याच्यावर शागोतीचा, बहुतेकदा चिकन शागोतीचा, गरम रस ओतलेला असतो. भाजलेले खोबरे, खसखस, धणे आणि लाल मिरची यांचा तो दाट रस ऑम्लेटमध्ये मुरतो. सोबत पाव, चिरलेला कांदा आणि लिंबाची फोड असते.

हे ऑम्लेट दोन्ही बाजूंनी खरपूस आणि चांगले कोरडे केलेले असावे लागते, कारण मुळातच ओले असलेले ऑम्लेट रसात विरघळल्यासारखे होते. आमच्या घरी आदल्या दिवशीच्या शागोतीचा रस उरला की आई दुसऱ्या दिवशी हेच करते आणि टोमॅटोतला गर काढून टाकण्याबद्दल ती फार काटेकोर आहे. शाकाहारी घरांत हाच मसाला वापरून अळंबीची शागोती करतात. तिचा रसही ऑम्लेटवर उत्तम लागतो, पण मग ऑम्लेटच्या आत अळंबी घालू नये, एकाच ताटात तीच भाजी दोनदा येते.

---

पेठेतली_सुगरण

आमच्याकडे अंडी घरात येत नाहीत, पण टोमॅटो ऑम्लेट आठवड्यातून एकदा तरी होतेच. डाळीच्या पिठाच्या या धिरड्याला ऑम्लेट म्हणावे की नाही यावर इथे पूर्वी रणकंदन झालेले आहे, ते पुन्हा नको. मला एवढेच विचारायचे आहे की धागाकर्त्यांनी मांडलेला पाण्याचा नियम बेसनाच्या ऑम्लेटलाही लागू होतो का? मी टोमॅटो कधीही परतत नाही आणि तरीही ते पाणचट होत नाही.

---

उकळबिंदू

पेठेतली_सुगरण, तुमची पद्धत बरोबर आहे, कारण इथे नियम उलटा होतो. फेटलेल्या अंड्यात प्रथिनांकडे आधीच पुरेसे पाणी असते, त्यामुळे टोमॅटोचे पाणी तिथे जास्तीचे ठरते. बेसन कोरडे असते. त्यातला स्टार्च आणि प्रथिने शिजण्यासाठी पाणी शोषून घेतात, आणि ते पाणी तुम्ही नळाचे घातले काय किंवा टोमॅटोचे घातले काय, पिठाला फरक पडत नाही. चवीला मात्र फार पडतो. म्हणून टोमॅटोचे पाणी फेकण्याऐवजी त्याचाच उपयोग करावा.

दोन मध्यम टोमॅटो आणि एक कांदा बारीक चिरून त्यांना मीठ लावून दहा मिनिटे ठेवावे. सुटलेल्या रसातच एक वाटी बेसन, दोन चमचे तांदळाची पिठी, हळद, तिखट, हिंग, चुरडलेला ओवा आणि कोथिंबीर मिसळावी आणि लागेल तेवढेच वरून पाणी घालावे. पीठ इडलीच्या पिठापेक्षा किंचित पातळ असावे. ते दहा-पंधरा मिनिटे भिजू दिले तर बेसनाचा कच्चट वास राहत नाही. तांदळाच्या पिठीमुळे कडा कुरकुरीत होतात. हे ऑम्लेट मध्यम आचेवर झाकण ठेवून एका बाजूने नीट शिजवावे आणि वरचा ओलेपणा गेल्यावरच उलटावे. अंडे थोडे कमी शिजले तरी काही जणांना ते आवडते. बेसन मात्र कच्चे राहिले तर कोणालाच आवडत नाही आणि पोटालाही सोसत नाही.

---

परसदार

ऑम्लेट मऊ व्हावे म्हणून अंड्यात दूध घालावे असे सर्वत्र सांगितले जाते, कुणी खाण्याचा सोडाही घालतात. भाज्यांच्या ऑम्लेटमध्ये यांचा उपयोग होतो का? तसेच मीठ अंड्यात आधी घातले तर अंडे पातळ होते असे माझ्या सासूबाई म्हणतात, ते कितपत खरे आहे?

---

उकळबिंदू

दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणी असते, म्हणजे दूध घालणे हे बरेचसे पाणी घालण्यासारखेच आहे. साध्या ऑम्लेटमध्ये दोन अंड्यांना एक मोठा चमचा दूध चालते. प्रथिने थोडी विरळ होतात, ती जरा उशिरा आळतात आणि पोत मऊ राहतो. भाज्यांच्या ऑम्लेटमध्ये भाजीने ते काम आधीच केलेले असते, त्यामुळे दूध वगळावे. मऊपणाबरोबर थोडा बांधीवपणाही हवा असेल तर भाजीवर किसलेले चीज घालणे अधिक चांगले, ते वितळून भाजीला धरून ठेवते. खाण्याच्या सोड्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. अंड्याचा पांढरा भाग मुळातच अल्कधर्मी असतो. त्यात सोडा पडला की रंग मळकट होतो आणि साबणासारखी चव येते. फुलवायचेच असेल तर पांढरा भाग वेगळा फेटून घ्यावा, पण रोजच्या न्याहारीसाठी एवढा खटाटोप कोण करणार!

आपल्या सासूबाईंचे निरीक्षण अचूक आहे, निष्कर्षाशी मात्र मी सहमत नाही. मीठ घालून दहा-पंधरा मिनिटे ठेवलेले अंडे खरोखरच पातळ आणि गडद दिसते. मात्र मिठामुळे प्रथिने एकमेकांना फार घट्ट आवळत नाहीत आणि शिजल्यावर अंडे पाणी कमी सोडते. त्यामुळे भाजी परतायला घेण्यापूर्वीच अंड्यात मीठ घालून ठेवावे. एकच काळजी घ्यावी, ती म्हणजे एकूण मीठ भाजी आणि अंडे यांच्यात वाटून घ्यावे, नाहीतर दोन्हींकडे पुरते मीठ पडून ऑम्लेट खारट होते. चीज घालणार असाल तर आणखी हात आखडता घ्यावा.

---

नेकारकाठ

मी जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहतो. इथल्या भाड्याच्या घरांत अनेकदा विजेची शेगडी असते, आच वाढवली तरी ती सावकाश तापते आणि कमी केली तरी सावकाश निवते. त्यामुळे ‘मोठ्या आचेवर भाजी, मध्यम आचेवर अंडे आणि मंद आचेवर झाकण’ हे जमत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे सकाळी घाईत मी फ्रीझरमधल्या मिश्र भाज्या वापरतो, मटार, गाजर, मका आणि फरसबी असलेल्या. त्यांचे ऑम्लेट तर पाण्यात पोहत असते. याला काही उपाय आहे का?

---

मंदआच (धागाकर्ता)

शेगडीला दोन चकत्या असतील तर एक मोठ्या आणि एक मंद तापमानावर आधीच तापवून ठेवावी आणि पॅन एकीवरून दुसरीवर सरकवावा. एकच वापरायची असेल तर भाजी झाल्यावर बटण मध्यम करून, पॅन उतरवून, भाजी निवेपर्यंत शेगडीला थंड होऊ द्यावे. नाहीतरी भाजी कोमट होण्यासाठी थांबायचेच असते. शेवटच्या मिनिटासाठी शेगडी बंद केली तरी चालते, तिच्यात साठलेली उष्णता पुरते.

गोठवलेल्या भाज्यांबद्दल सांगायचे तर त्यांच्यातले पाणी गोठून त्याचे स्फटिक झालेले असतात आणि त्या स्फटिकांनी पेशींच्या भिंती फाटलेल्या असतात. वितळताना त्या ताज्या भाजीपेक्षा कितीतरी लवकर पाणी सोडतात. म्हणून त्या वाटीत काढून वितळू देऊ नयेत. फ्रीझरमधून थेट चांगल्या तापलेल्या पॅनमध्ये, एका थरात बसतील एवढ्याच घालाव्यात आणि पाणी आटेपर्यंत उघड्यावर परताव्यात. ढीग केला तर भाजी परतली न जाता वाफवली जाते. त्या कारखान्यात आधीच किंचित उकडलेल्या असतात, त्यामुळे शिजण्याची चिंता नसते, फक्त कोरड्या व्हायला हव्या असतात.

---

वसतिगृह_खोली

माझ्याकडे इंडक्शन शेगडी, एक स्टीलची कढई आणि घरून आणलेला भाकरीचा तवा एवढेच साहित्य आहे, आणि तव्याचे बूड सपाट नसल्यामुळे तो इंडक्शनवर चालत नाही. स्टीलला अंडे असे चिकटते की ते खरवडून काढावे लागते, शेवटी भुर्जीच खावी लागते. कृपया मार्गदर्शन करावे.

---

पेठेतली_सुगरण

अंड्याबद्दल मी काय सांगणार, पण स्टीलच्या कढईबद्दल सांगू शकते, कारण बेसनही तिला तसेच चिकटते. कढई रिकामीच मध्यम तापमानावर तापू द्यावी आणि पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो लगेच चुर्र होऊन उडून गेला तर ती अजून पुरेशी तापलेली नाही. तो गोल होऊन इकडेतिकडे पळू लागला की कढई तापली. मग तापमान कमी करावे, तेल घालून ते सगळीकडे फिरवावे, अर्धा मिनिट थांबावे आणि मगच मिश्रण ओतावे. ओतल्यावर लगेच उलथने घालू नये. खालची बाजू आळली की ती आपोआप सुटू लागते. सुटत नसेल तर ती अजून तयार नाही असे समजावे.

आणि भाकरीचा तवा घरचा आहे ना? मग तो अंड्याला वापरण्याआधी आईला विचारा. आमच्या ओळखीच्या अनेक घरांत अंडी चालतात, पण अंड्याचा तवा वेगळाच असतो.

---

मंदआच (धागाकर्ता)

सुगरणताईंच्या सल्ल्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. वसतिगृह_खोली, कढई खोलगट असल्यामुळे ऑम्लेट मध्ये जाड आणि कडेला पातळ होईल. म्हणून दुमडण्याच्या भानगडीत न पडता परतलेली भाजी थेट अंड्यात मिसळा, मिश्रण कढईत घाला, तापमान अगदी कमी करा आणि झाकण ठेवून चार-पाच मिनिटे शिजू द्या. इटलीतले फ्रिटाटा याच जातीचे असते, ते सावकाश शिजवतात आणि दुमडत नाहीत. कढई घासण्यापूर्वी थंड पाण्यात भिजवा. गरम पाणी घातले की चिकटलेले अंडे आणखी शिजते आणि भांड्याला धरून बसते. वास राहिला तर पिळून झालेल्या लिंबाच्या सालीने घासावे.

---

परसदार

शेवटचा प्रश्न. मुलीच्या शाळेच्या डब्यात पालक घातलेले ऑम्लेट द्यायचे असते. डबा सकाळी सातला भरला जातो आणि ती अकराच्या सुमारास खाते. पालकाचे पाणी पोळीत उतरते आणि पोळी लगदा होते. शिवाय इतका वेळ अंडे ठेवणे योग्य आहे का, हीही काळजी वाटते.

---

उकळबिंदू

चार तास हा काळ उन्हाळ्यात जास्तच आहे, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत अंड्याऐवजी बेसनाचे ऑम्लेट द्यावे असे मी सुचवीन. इतर दिवसांत शक्य असेल तर डब्याबरोबर गार राहणारी पिशवी द्यावी आणि ऑम्लेट पूर्ण शिजवलेलेच असावे. साल्मोनेलासारख्या जंतूंचा धोका टाळण्यासाठी अंड्याचा पदार्थ आतपर्यंत ७१ अंशांपर्यंत तापलेला असावा असे मानतात. घरी थर्मामीटर नसतो, त्यामुळे कुठेही चमकणारा किंवा वाहणारा भाग उरलेला नसणे हीच खूण धरावी. डब्याचे ऑम्लेट दुमडू नये, उलटून दोन्ही बाजूंनी शिजवावे.

पालक चिरून परतण्यापेक्षा अख्खी पाने गरम पॅनमध्ये मिनिटभर कोमेजू द्यावीत, गार झाल्यावर मुठीत घट्ट पिळावीत आणि मग चिरावीत. मोठी जुडी एवढीशी होते आणि निघालेले पाणी कणकेत घालता येते. मेथी वापरली तर हा त्रास फार कमी होतो, पण मुले ती खातील याची हमी देता येत नाही. ऑम्लेट आणि पोळी दोन्ही पाच-सात मिनिटे जाळीवर निववूनच गुंडाळी करावी. गरमागरम डबा बंद केला की वाफ झाकणाला धरते, तिचे पाणी होते आणि तेच पोळीवर गळते. आपल्या डब्यातला निम्मा लगदा पालकाचा नसून त्या वाफेचाच असण्याची शक्यता आहे.

---

परसदार

मनःपूर्वक आभार. उद्या सकाळी जाळीवर निववून पाहते आणि डबा परत आल्यावर इथे कळवते.